गडदे मॅडमची मंडळी

गडदे मॅडम वर्गात यायच्या आधी त्यांचा वास यायचा. अत्तराचा नव्हे. गाळाचा, साचलेल्या पाण्याचा, कुजलेल्या पाल्याचा. विहिरीचा तळ उपसला की येतो तसा. साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा जिन्याखाली होती, आणि तो वास पायऱ्या चढून थेट गणिताच्या वर्गापर्यंत जायचा. गणिताचे सर शिकवता शिकवता खिडकी उघडायचे आणि म्हणायचे, "बाईंनी झाकण काढलं वाटतं."

शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असे. मॅडम तिच्यावर आपली पिशवी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं, हिला जागा झाली."

त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. कॉलेजात त्यांची शोकसभा झाली तेव्हा लोक चांगलं बोलले. शिस्त, समर्पण, ज्ञानदान असे शब्द आले. वासाचा उल्लेख कुणीच केला नाही. मला ते खटकलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी माझं सांगते. मी कडेगाव तालुक्यातली. आमच्या भावकीतली पहिली बी.एस्सी. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. सध्या साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. बाकी माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मॅडम उंच, सावळ्या, कपाळावर हिरवं गोंदण. साडी नेहमी इस्त्रीची, आणि खाली पुरुषांचे काळे बूट. "चपलेत चिखल शिरतो," एवढंच कारण. माहेर आटपाडीच्या पलीकडं माळावर. वडील मेंढरं राखायचे. मेंढरं घेऊन दर वर्षी घाट उतरायचे आणि बागायतदारांच्या रानात बसवायचे. कळप रानात बसला की लेंड्या-मुतानं रानाला खत होतं, म्हणून शेतकरी बोलावून नेत. मॅडमचं लहानपण असं लोकांच्या रानात गेलेलं. वर्गात त्या शुद्ध बोलायच्या. राग आला किंवा एखादी गोष्ट मनापासून पटली की भाषा माळावर जायची. दोन्हींपैकी काय झालंय ते आम्हाला तोंडाकडं बघून ओळखावं लागे.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांनी सगळ्यांना आपापल्या गावची मूठभर माती आणायला लावली. ती ओली करून, बाटलीत दाबून आठवडाभर ठेवली. मग झाकण काढून एकेकाला वास घ्यायला लावला. साताऱ्याच्या एका मुलीनं नाकाला रुमाल लावला.

मॅडम म्हणाल्या, "रुमाल खाली. ज्यांची पहिल्यांदा ओळख करून घ्यायला जातो, त्यांच्या तोंडावर नाक धरतो का आपण?"

त्या दिवसापासून आमची नावं गेली. मॅडम गावाच्या नावानं हाक मारू लागल्या. "ए कोरेगाव, बाटली हलवू नकोस." "कडेगाव, तुझी माती चिकट हाय, तुझ्यासारखी." ते कौतुक होतं का टोमणा, हे मला पदवी मिळेपर्यंत कळलं नाही. कौतुक त्या करतच नसत. प्रयोग फार चांगला झाला तर "हं" म्हणायच्या. त्या "हं"साठी आम्ही जीव टाकायचो.

जंतू हा शब्द त्यांना चालत नसे. "जंत पोटात होतात. ही मंडळी आहेत." आणि या मंडळींतसुद्धा त्यांचा जीव होता तो हवेविना जगणाऱ्यांवर. त्यांचं सगळं काम तेच. पिकात मारलेलं तणनाशक मातीत उरतं, आणि जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथं मातीतली ही मंडळी ते कसं मोडून खातात. वर्षानुवर्षं त्या हेच बघत होत्या.

एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, "पण मॅडम, ऑक्सिजन नसताना ती श्वास कसा घेतात?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्यांना असा प्रश्न कुणी विचारला की त्या टेबलावर बसायच्या.

"आपण भाकरी खातो. भाकरीतनं ताकद काढून घेतली की मागं जे उरतं ते कुणाच्या तरी पदरात टाकावं लागतं. पदर मिळाला नाही की जीव गुदमरला. आपल्याला एकच पदर ठाऊक, ऑक्सिजनचा. म्हणून नाक दाबलं की आपण संपलो. ही मंडळी तशी अडून बसत नाहीत. ऑक्सिजन संपला की नायट्रेट शोधतात. ते संपलं की लोखंड, मग गंधक. माती काळी पडते, घाण वास सुटतो, तो त्यामुळं. आणि काही काही तर इतकी पोचलेली असतात की तणनाशकाच्या रेणूवर बसलेला क्लोरिनच उपटून काढतात आणि तिथंच आपलं ओझं टाकतात. क्लोरिन गेला की त्या रेणूचा दात पडला. मग बाकीची मंडळी येऊन त्याचा फडशा पाडतात."

"सगळी तणनाशकं अशी जातात?"

"नाही. काहींना हवाच लागते. काही दोन्हीकडं हटून बसतात. म्हणून आधी मातीला विचारायचं, मग बोलायचं."

त्याच तासाला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, लाखो-करोडोंत एखाद्यालाच औषध खायची युक्ती सापडते. पण तो ती स्वतःजवळ ठेवत नाही. शेजाऱ्याला चिकटतो आणि युक्तीची नक्कल काढून त्याच्या अंगात सोडतो. शेजारी त्याच्या जातीचा असो नसो.

"माणसांत शहाणपण वरनं खाली येतं," त्या म्हणाल्या, "आज्याकडनं बापाला, बापाकडनं पोराला. ह्यांच्यात ते आडवं पण जातं. शेजाऱ्याकडनं शेजाऱ्याला."

बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. आमच्या घरात वरून खाली यायला पुस्तकातलं काही नव्हतंच. अण्णा फौजेत, आई लवकर गेलेली, आजीचा अंगठा. मला जे मिळत होतं ते असं आडवं मिळत होतं. जिन्याखालच्या वास मारणाऱ्या खोलीत, पुरुषी बूट घातलेल्या एका बाईकडून. ते लिहून ठेवायची गरज नव्हती.

मॅडमना एकच हाव होती, रिकाम्या बाटल्यांची. लोणच्याच्या, जॅमच्या, मधाच्या. रुंद तोंडाची आणि घट्ट झाकणाची. लग्नाला गेल्या तर जेवून झाल्यावर आचाऱ्याकडं जायच्या. माझ्या लग्नात सासरची माणसं बघत राहिली, ही उंच बाई हातात लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन नवऱ्या मुलीला आशीर्वाद देतेय. सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "ह्या कोण गं?" मी म्हटलं, "माझ्या गुरू."

या बाटल्यांत माती, पाणी आणि थोडा गूळ घालून, वर हवेला जागा न ठेवता त्या झाकण लावायच्या आणि कडेनं मेण ओतायच्या. आत वायू तयार व्हायचा. एकदा कॉलेज तपासायला कमिटी आली होती. प्राचार्यांनी आधीच हात जोडून सांगितलं होतं, "गडदे मॅडम, आजचा दिवस सगळं बंद ठेवा." मॅडमनी सगळं बंदच ठेवलं होतं. तोच घोटाळा झाला. कमिटीतले एक साहेब कपाटापुढं उभे राहून "इथं नेमकं काय चालतं?" असं विचारत असतानाच एका बाटलीचं झाकण ठाप्पकन उडालं. साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर काळ्या चिखलाची नक्षी. प्राचार्यांचा चेहरा त्या शर्टापेक्षा पांढरा.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही विचारलंत, त्यांनी उत्तर दिलं."

साहेब असे हसायला लागले की थांबेनात. जाताना त्यांनी मॅडमना घरून मधाच्या बाटल्या पाठवून द्यायचं कबूल केलं. पाठवल्याही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आमचे अण्णा फौजेतून सुभेदार होऊन आले आणि रानात रमले. दादाही फौजेत, तो सरहद्दीवर. घरी अण्णा आणि सुनीतावहिनी. वहिनी शिराळ्याची. हुशार बाई. उसाच्या रानात नुसतं पाणी फिरवत बसायचं तिच्या जिवावर यायचं. तिनं रोपवाटिका काढायची ठरवलं. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं करायची आणि कडेगावच्या बाजारात न्यायची. विहिरीजवळचा तुकडा तिनं अण्णांकडून मागून घेतला. तिथला ऊस काढला, गादीवाफे केले, बी टाकलं.

उगवलं छान. दोन पानं आली, चार आली, आणि मग पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. पिवळ्याच्या तपकिरी झाल्या आणि रोपं बसली. वहिनीनं बुरशीचं औषध मारलं, बी बदललं, पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. ज्यांनी रोपं सांगून ठेवली होती ती माणसं दुसरीकडं गेली. गावात बायका म्हणायच्या, "सुभेदाराच्या सुनंनं हळदीची रोपं लावल्यात वाटतं, समदी पिवळीच."

अण्णा वाईट नाहीत, पण फौजी आहेत. त्यांनी सुनेला समोर बसवून सांगितलं, "सुनबाई, एक हंगाम आनकी देतो. रोपं हिरवी झाली तर रान तुझं. मी परत नाव काडणार न्हाई. न्हाई झाली तर ऊस. मग तू बी नाव काडायचं न्हाई."

वहिनी मला फोनवर म्हणाली, "वन्सं, मला आता रडायला बी येईना झालंय. तुमी येवडं शिकलाय, कुनाला तरी इचारा की."

मला मिळालेल्या शिक्षणात विचारण्यासारखं एकच माणूस होतं. मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या आणि साताऱ्यातच एका खोलीत बाटल्यांसह राहत होत्या. मी पानांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "रानात पूर्वी काय होतं? येते."

आल्या त्या एसटीनं. बूट, पिशवी, पिशवीत बरण्या. अण्णांनी कडक इस्त्रीचा सदरा घालून स्वागत केलं. मॅडमनी पाणीही न पिता विचारलं, "सुभेदारसाहेब, उसाला तणनाशक कोण मारायचं?"

"मीच की. दुसऱ्याच्या हातात देत न्हाई मी. डब्यावर लिवलंय त्याच्यापेक्षा वाईच जास्तच टाकायचो. गोळी कमी पडाय नको."

"आणि मारून झाल्यावर पंप कुठं धुवायचात?"

अण्णांनी विहिरीजवळच्या तुकड्याकडं नुसतं बोट केलं. पंप पाण्याजवळ धुवायचा आणि रोपवाटिकाही पाण्याजवळच करायची. दोघांनी जागा निवडली होती ती एकाच शहाणपणानं. इतक्या वर्षांची धुवण वहिनीच्या वाफ्याखाली मुरली होती. उसाला ते औषध बाधत नाही, कोवळ्या रोपांना बाधतं.

वहिनी मटकन खाली बसली. मॅडम तिच्याशेजारी बसल्या. "उठ. रान मेलं न्हाई. भरल्या पोटानं बसलंय. खायला मंडळी लावू."

त्यांनी तिथली माती बरण्यांत भरून नेली. शिवाय उसाच्या फडाच्या खालच्या चरातला काळा गाळ घेतला. त्या चरात वर्षभर पाणी असतं आणि वरच्या रानातलं औषध वाहत येऊन साठतं. "इथल्या मंडळींना खायची सवय झाली असेल," असा त्यांचा हिशोब. साताऱ्यात जाऊन काही बरण्या त्यांनी उघड्या ठेवल्या, काही गूळ आणि गाळ घालून बंद केल्या. काहींत माती आधी उकळून मारली, म्हणजे मंडळीच नसतील तर काय होतं तेही कळेल. मग प्रत्येक मातीत काकडीचं बी टाकून पाहिलं. उकळलेल्या मातीतली काकडी जळाली, उघड्या बरणीतली आजारी राहिली, बंद बरणीतली उभी राहिली. तेव्हा कुठं त्यांनी फोन केला. "हं," म्हणाल्या. मी फोन कानाला धरून एमआयडीसीच्या गेटवर उभी होते. तिथं मी हसले ते वॉचमननं पाहिलं.

पण बरणी वेगळी आणि रान वेगळं. मॅडमचं म्हणणं होतं, तुकड्याला बांध घालायचा, गुऱ्हाळावरची मळी आणि चरातला गाळ मातीत मिसळायचा, पाणी उभं करायचं आणि वर प्लास्टिकचा कागद पसरून कडा मातीत गाडायच्या. आत हवा जाता कामा नये. अण्णांचा चेहराच उतरला.

"आवं मॅडम, रानात पानी कुंडवून ठेवायचं? नदीकडची रानं पानी तुंबून चोपान झाल्याली माज्या डोळ्यांनी बगितल्यात मी. मातीला वारा लागला पायजे. वापसा आल्याशिवाय आमी पाय ठेवत न्हाई रानात."

"रान चोपण होतं ते वर्षानुवर्षं पाणी मुरून आणि खालचं मीठ वर येऊन. मी महिनाभरच मागतीय. आणि तुमच्या रानाला उतार हाय, खाली चर हाय, हे बगूनच मागतीय. निचरा नसता तर मी तोंड उघडलं नसतं."

अण्णा हो म्हणाले, पण बळेच.

आषाढ संपता संपता कागद घातला. वहिनी रोज कडा तपासायची, कुठं उंदरानं भोक पाडलंय का बघायची. पुढं श्रावण लागला आणि ती पंचमीला माहेरी शिराळ्याला गेली. नागपंचमीला शिराळ्याची लेक सासरी राहणं शक्यच नसतं.

इकडं कागद फुगला. खालची माती डांबरासारखी काळी झाली आणि वास सुटला. मला सवयीचा होता तोच. पण अण्णांना तो मेल्याचा वास वाटला. शेजारी येऊन म्हणाले, "सुभेदार, रान सडवलं की वो बाईनं." पंचमीच्या आदल्या दिवशी अण्णांचा धीर सुटला. त्यांनी निम्मा कागद ओढून काढला, बांध फोडला, पाणी सोडून दिलं. राहिलेला निम्मा दुसऱ्या दिवशी काढायचा आणि सगळ्यात पॉवर टिलर फिरवायचा, असं ठरवून टाकलं. मग संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आलं की उद्या पंचमी. पंचमीला आमच्याकडं रानात लोखंड घालत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, विळासुद्धा नाही.

अण्णांनी मला फोन केला. चोरून काही करणारा तो माणूस नाही. "बाय, मी परवा नांगरणार हाय. तुज्या मॅडमना सांग. मागनं बोल नको."

मी मॅडमना सांगितलं, वहिनीला कळवलं आणि सुट्टी टाकली. पंचमीच्या सकाळी आम्ही दोघी गावात उतरलो. शिराळ्याहून वहिनीही निघाली होती. माहेरचा सण अर्ध्यावर टाकून, हातात मेंदी तशीच.

बांधावर मॅडम आणि अण्णा समोरासमोर. इतका राग मी मॅडमच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"सुभेदारसाहेब, सीमेवर पोस्ट अर्ध्यात सोडून आला असता का?"

"पोस्ट सडाय लागली असती तर इचारलं असतं वरच्याला."

"मग इचारायचं की मला! फोन काय शोभेला हाय व्हय?"

"तुमी साताऱ्यात. वास हितं."

वहिनी आली ती उघड्या पडलेल्या अर्ध्या वाफ्याकडं बघत उभी राहिली. तिनं मेंदीचे हात पदराखाली घेतले. अण्णांनी ते पाहिलं आणि मान फिरवली.

मॅडम बांधावर बसल्या. थोड्या वेळानं आवाज खाली आला.

"सुभेदारसाहेब, आज रानात लोखंड का घालत न्हाई?"

"पंचमी हाय."

"पंचमी हाय म्हंजे काय?"

"म्हंजे… नागाचं घर असतंय भुईत. नांगराचा फाळ लागंल, पिल्लं मरतील. पहिल्यापास्नं हाय ते."

"दिसतो का नाग?"

"कवातरी. रोज कुठला."

"दिसत न्हाई तरी त्याचं घर हाय म्हणून हात लावत न्हाई. माझी मंडळी पण दिसत न्हाईत. त्यांचं घर पण तिथंच हाय. आता कुठं कामाला लागल्यात ती. काळी माती, हा वास, ही त्यांची मेहनत हाय. मला एवडंच म्हणायचंय."

देवाधर्माचं नाव घेऊन कुणी गळ घातली की अण्णा चिडतात. पण मॅडमनी गळ घातली नव्हती. त्यांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर अण्णांनीच दिलं होतं.

"मग करायचं काय?" अण्णा म्हणाले.

"उघडलेला निम्मा तुमचा. उद्या नांगरा, वारा द्या, वापसा आणा, तुमच्या मनासारखं करा. झाकलेला निम्मा माझा. मदी बांध घालून त्यात परत पाणी भरू, आणि मी सांगीन तवाच त्याला हात लावायचा. मग दोन्हीकडं सुनबाई एकच बी टाकंल. रान सांगंल कुणाचं खरं ते."

हे अण्णांना पटलं. सरळ सामना होता. त्यांनी हात पुढं केला आणि मॅडमनी तो हातात घेऊन दाबला, दोन गडी बाजारात सौदा करताना दाबतात तसा. वहिनीला त्या सौद्यात कुणी विचारलं नव्हतं. ती पुढं आली. "आनि त्यावर माजं रान ठरणार. तवा कागदाची राखण मी करनार. अण्णा, तुमी तिकडं फिरकायचं न्हाई."

अण्णा म्हणाले, "बरं."

त्यांच्या तोंडून सुनेला "बरं" मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढं ठरल्या वेळी झाकलेला कागद निघाला. पाणी चरात सोडलं, माती उघडी ठेवली. वारा लागला तसा काळा रंग उतरत जाऊन ती पुन्हा आपल्या तांबूस रंगावर आली आणि वासही गेला. मॅडमनी आधी काकडी टाकून पाहिली, मग वहिनीला म्हणाल्या, "आता टाक." दोन्ही बाजूंना एकाच पुडीतलं मिरचीचं बी पडलं.

दोन पानं. चार पानं. वहिनी रोज फोटो पाठवायची. मी ते मॅडमना पाठवायचे, आणि त्या उत्तर द्यायच्या नाहीत. या दिवसांत त्यांना दम लागत होता. डॉक्टरांनी गावोगाव फिरू नका म्हणून सांगितलं होतं. मला ते नंतर कळलं.

रोपं बाजारात न्यायजोगी झाली तेव्हा त्या स्वतः आल्या. मीही गेले. झाकलेल्या बाजूला मिरची हिरवीगार, पानं वीतभर उंचीवर ताठ. उघड्या बाजूला बरीच रोपं कडांनी पिवळी. मॅडम पहिल्यांदा अण्णांच्या बाजूला गेल्या, खाली बसल्या, पानं बोटांनी उलटून पाहिली.

"साहेब, तुमची बाजू पण मागल्या वर्षापेक्षा बरी हाय. हवेतली मंडळी पण खात्यात, पण सावकाश. तुमचं अगदीच खोटं न्हवतं."

मग आपल्या बाजूला आल्या. नेमकं जिथं पंप धुतला जायचा त्या कोपऱ्यात रोपं अजून पिवळीच होती. वहिनीनं ती आदल्या दिवशी उपटून टाकायचं ठरवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "ठेव. इथं माझं पण पुरं झालं न्हाई. पुढच्या वर्षी एवढाच तुकडा परत झाक." त्या कोपऱ्यापाशी त्या बाकीच्या रानापेक्षा जास्त वेळ बसल्या.

अण्णा मागं हात बांधून उभे होते. वहिनीला म्हणाले, "सुनबाई, रान तुझं."

वहिनी म्हणाली, "सगळं?"

"सगळं. माझ्या निम्म्याला पन पुढच्या साली कागद घाल. मळी मी आनतो."

दुपारी बाजाराला जायचा टेम्पो आला. रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून हौद्यात रचल्या. मॅडमना कडेगावला एसटी धरायची होती, त्याच टेम्पोनं जाऊ म्हणाल्या. ड्रायव्हरनं त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. वयानं, मानानं त्यांचीच जागा. वहिनी हौद्याकडं चढायला निघाली, तर मॅडमनी तिचा दंड धरला.

"कुठं चाललीस?"

"मागं. रोपांजवळ."

"माल कुणाचा हाय?"

वहिनीनं अण्णांकडं पाहिलं.

"माल ज्याचा तो पुढं बसतो. ड्रायव्हरला वाट सांगायची, भाव सांगायचा. पुढं बस."

"आवं मॅडम, तुमी मागं? दम लागतोय तुमास्नी."

"मेंढरांबरोबर ट्रकच्या हौद्यात लहानाची मोठी झाले मी. बस म्हटलं की."

अण्णांनी त्यांना चढायला हात दिला. त्या रोपांच्या जुड्यांमध्ये जागा करून बसल्या, बूट समोर पसरून. टेम्पो सुरू झाला. ऊन कडक होतं. रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी पिशवीतून छत्री काढून उघडली होती. आमच्या बांधावरून ती लांबपर्यंत दिसत राहिली. छत्री त्यांनी आपल्या डोक्यावर धरलेलीच नव्हती. हात लांब करून ती त्यांनी मिरचीच्या रोपांवर धरली होती.